शब्दचर्चा : ‘अपरिग्रह’ फळ्यावर कसा लिहावा?

पहाटवर्ग :
मी जुळे सोलापुरात बायकांचा सकाळचा योगवर्ग घेते. आसनं, प्राणायाम झाले की यम-नियमांतला, म्हणजे योगातल्या वागण्याच्या पथ्यांतला, एक शब्द फळ्यावर लिहायचा आणि आठवडाभर तो घरात, कामावर वागून बघायचा, असं आम्ही ठरवलंय. अहिंसा, सत्य, अस्तेय पार पडले. गेल्या सोमवारी अपरिग्रह आला. मी खाली अर्थ लिहिला, ‘साठा न करणे’.

वर्गात एक मावशी आहेत, माहेर मंगळवेढ्याकडचं. चटई गुंडाळता गुंडाळता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाई, मग ज्वारीची कणगी रिकामी करू का? बहात्तरच्या दुष्काळात माझ्या सासूनं कणगीच्या बुडाला उरलेल्या ज्वारीवर घर जगवलं. ते पाप होतं काय?’’ त्या रागावल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली. कुठे ‘संग्रह न करणे’, कुठे ‘दान न स्वीकारणे’, कुठे ‘निर्लोभता’. तीन पुस्तकांत तीन अर्थ. दोन-तीन शब्दांत बसेल आणि मावशींना खोटं वाटणार नाही, असं काही आहे का?

जुनी पोथी :
ताई, तिन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. पतंजलीच्या योगसूत्रात (2.30) नुसती पाच यमांची यादी आहे, व्याख्या नाही. व्याख्या त्यावरच्या व्यासभाष्यात मिळते : ‘विषयाणामर्जनरक्षणक्षयसङ्गहिंसादोषदर्शनादस्वीकरणमपरिग्रहः’. वस्तू मिळवण्यात, राखण्यात, ती नासण्यात, तिच्यात गुंतण्यात आणि तिच्यापायी होणाऱ्या हिंसेत जो दोष आहे तो दिसल्यामुळे ती न स्वीकारणं. म्हणजे मूळ जोर साठ्यावर नाही, ‘अस्वीकरणा’वर आहे. ‘साठा न करणे’ ही फोड त्यामुळे मला मान्य नाही. माझं मत विचाराल तर शब्द आहे तसाच ठेवा. अहिंसा, सत्य लोकांनी आहे तसे घेतलेच ना? सारखं सोपं करत गेलं की शब्द मरतात.

रोजची भाषा :
अहिंसा हा शब्द लोकांच्या तोंडी रुळायला स्वातंत्र्याची चळवळ लागली, काका. अपरिग्रह अजून पोथीतच आहे. मी पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. नववीच्या मुलांना ‘परिग्रह’ म्हटलं की ती नवग्रहांकडे जातात, आणि त्यात त्यांची चूक नाही. आग्रह, संग्रह, निग्रह, अनुग्रह या सगळ्यांतला ‘ग्रह’ म्हणजे धरणं, हे कुणी उलगडून सांगितलंच नाही तर त्यांना कसं कळणार? परिग्रह म्हणजे चहूबाजूंनी धरून ठेवणं. मग ‘धरून न ठेवणे’ का नको? साधं क्रियापद आहे, लहान पोरालाही कळतं.

आणि विनोबांनी गांधीजींच्या आश्रमातल्या एकादश (अकरा) व्रतांच्या श्लोकात ‘असंग्रह’ म्हटलंय : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, असंग्रह. संस्कृत त्यांना कमी येत नव्हतं. तरीही त्यांनी सोपा शब्द घेतला.

जुनी पोथी :
तो छंदासाठी घेतला असणार. अनुष्टुभात ‘अपरिग्रह’ सहजी बसत नाही.

रोजची भाषा :
छंदासाठी का असेना, लाखो लोकांनी तो रोजच्या प्रार्थनेत म्हटला. शब्द असाच रुजतो.

काळी माती :
मी मंगळवेढ्याचाच, त्यामुळं राहवलं नाही. त्या मावशींना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडं रब्बीची मालदांडी निघाली की वर्षाचं धान्य आधी बाजूला काढायचं आणि मग बाजार, ही रीत. पाऊस एका वर्षी येतो, दोन वर्षं तोंड दाखवत नाही. साठवलं नाही तर माणूस गाव सोडून जातो.

माझ्या लहानपणी वाड्यात पेव होतं, धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. ते उघडायचा दिवस मला अजून दिसतो. तोंडावरची फरशी काढून बराच वेळ तसंच उघडं ठेवायचे. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचे. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली असायची. कंदील तेवत राहिला की आजोबा गड्याला म्हणायचे, ‘आता जा.’ आणि वर आलेली पहिली पाटी घरात जात नसे. बलुतेदारांचं माप आधी, मग दारात उभा असेल त्याचं, मग आपलं. हा साठा होता. याला परिग्रह म्हणाल का?

दामाजीपंत आमच्याच गावचे. बादशहाचं कोठार त्यांच्या ताब्यात होतं आणि दुष्काळात त्यांनी ते उपाशी लोकांसाठी उघडलं, ही कथा इथल्या पोरासोरांना पाठ असते. कोठार भरलेलंच नसतं तर उघडलं काय असतं?

अणुव्रती :
भाऊ, तुमच्या प्रश्नाला आमच्याकडे जुनं उत्तर आहे. जैन परंपरेत संपूर्ण अपरिग्रह मुनींसाठी. गृहस्थासाठी ‘परिग्रह-परिमाण’. शेत, घर, सोनं, धान्य, भांडी-कपडे, प्रत्येकाची मर्यादा आपणच ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. माझ्या आजीनं साड्यांची मर्यादा बारा ठरवली होती. भाऊबीजेला तेरावी आली की त्याच दिवशी एक कपाटातून निघायची, आणि ती जुनी-विटकी नसायची. देताना बरी साडीच द्यायची, हा तिचा हट्ट.

आणि व्याख्या म्हणाल तर तत्त्वार्थसूत्रात दोन शब्दांची आहे : ‘मूर्च्छा परिग्रहः’. वस्तू म्हणजे परिग्रह नव्हे. तिच्याविषयीची मूर्च्छा, ती ‘माझी’ असण्याची भूल, म्हणजे परिग्रह.

रोजची भाषा :
व्याख्या फार सुंदर आहे, पण फळ्यावर ‘मूर्च्छा’ लिहिलंत तर बायका कांदा शोधतील. मराठीत मूर्च्छा म्हणजे चक्कर येऊन पडणं, दुसरा अर्थ उरलेलाच नाही.

काळी माती :
याला आमच्याकडं ‘जीव अडकणे’ म्हणतात की! ‘म्हातारीचा जीव पाटल्यांत अडकलाय.’ मग ‘जीव न अडकवणे’ लिहा. कणगी भरलेली राहू द्या, जीव तिच्यात नको.

पहाटवर्ग :
हे वाचताना अंगावर काटा आला. मावशींना हेच सांगायचं होतं बहुतेक.

जुनी पोथी :
शब्दप्रयोग उत्तम, पण तो वैराग्याचा अर्थ झाला. यम ही वागण्याची शिस्त आहे, वैराग्य ही मनाची अवस्था. ‘जीव अडकलेला नाही’ असं म्हणत माणूस चार घरं बाळगू शकतो आणि कुणी त्याला खोटं पाडू शकत नाही. भाष्यकारानं ‘अस्वीकरण’ ही उघड दिसणारी कृती सांगितली ती काही कारणानं. अणुव्रतींच्या आजींची तेरावी साडी मला म्हणूनच पटते. तिथं मोजता येतं.

बाळीवेस :
आमच्या घरी कन्नड, शेजारी तेलुगू, शाळेत मराठी, असा मी वाढलो. एक सुचवू? ‘अ’ लावून केलेला शब्द काय करू नये एवढंच सांगतो. बसवेश्वरांच्या शरण परंपरेत दोन शब्द जोडीनं येतात, कायक आणि दासोह. कायक म्हणजे घाम गाळून केलेलं काम, आणि त्यातून आलेलं गरजेपुरतं ठेवून बाकीचं विनम्रपणे समाजाला देणं म्हणजे दासोह. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांना आपण शिवयोगी म्हणतो, आणि त्यांचं नाव घेतलं की डोळ्यांपुढं येतं ते तळं. सगळ्या गावानं पाणी भरावं असं तळं. आमची आजी त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेतून घरी आली की पिशवीतलं चिरमुरे-फुटाणे आधी गल्लीत वाटायची, मग आम्हाला. त्याला ती दासोहच म्हणायची. योग रोजच्या जगण्यात आणायचा तर याहून जवळचा शब्द सोलापुरात कुठला सापडणार?

जुनी पोथी :
भाव थोर आहे, पण ते भाषांतर नव्हे, वेगळ्या परंपरेतला वेगळा शब्द आहे. पतंजलीच्या यादीत बसवला तर दोघांवरही अन्याय होईल.

बाळीवेस :
सर, त्या मावशींना पतंजलीची परीक्षा द्यायची नाहीये. त्यांना आठवडाभर वागून बघायचंय.

पूर्व भाग :
आमचं घर पद्मशाली, वडील यंत्रमागावर. घरात तेलुगू. तेलुगूत ‘पुरे’ला ‘चालु’ म्हणतात. आई एकदा मराठी शेजाऱ्यांकडे लग्नाला गेली होती. पंगतीत वाढणारा आमटी घेऊन आला, आई हात आडवा करून ‘चालु, चालु’ म्हणत राहिली. त्या पोरानं ऐकलं ‘चालू ठेवा’. पान भरून वाहिलं तरी तो वाढतोय! आईनं त्यातलं एक शित टाकलं नाही, सगळं संपवून उठली. तो पोरगा पुढं माझा जिवलग मित्र झाला. आजही आमच्या घरी आला की जेवताना ‘चालु’ म्हणतो, आणि बरोबर अर्थानं म्हणतो.

मला वाटतं रोजच्या जगण्यातला अपरिग्रह म्हणजे हा एवढासा शब्द वेळेवर तोंडातून निघणं. मराठीत ‘पुरे’.

बाळीवेस :
कन्नडात ‘साकु’. तीन भाषांत तिन्ही शब्द दोन अक्षरी!

रोजची भाषा :
‘पुरे’ मला फार आवडला. पुरणे, पूर्ण, पुरवठा, पुरणपोळीतलं पुरण, सगळी भरण्याशी नातं सांगणारी मंडळी. म्हणजे ‘पुरे’ म्हणताना आपण ‘नको’ म्हणत नाही, ‘भरलं’ म्हणतो. आणि धान्य जमिनीत पुरणं तेही हेच असावं का? काळी मातींच्या पेवाशी धागा जुळतो तो असा!

जुनी पोथी :
‘पुरे’ म्हणजे संतोष. तो नियमांत येतो, पुढच्या पंधरवड्यात. तेव्हा ताई काय लिहिणार?

काळी माती :
तुकोबांनी हे सगळं एका ओळीत बसवलंय : ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥’ जोडा म्हणतात, नको म्हणत नाहीत. जोडायची रीत सांगतात आणि वेचायची रीत सांगतात. मला फळ्यावर ‘उदास विचारें’ चालेल.

रोजची भाषा :
चालणार नाही. आजच्या मराठीत उदास म्हणजे खिन्न. बायका म्हणतील, योग करून उदास व्हायचं का?

जुनी पोथी :
इथं मात्र मी काळी मातींच्या बाजूनं. उद् + आस, वर बसलेला, म्हणून तटस्थ. हा अर्थ आपण गमावला याचं मला खरंच वाईट वाटतं. हाच अर्थ ‘उदासीन’मध्ये गीतेत आहे. तटस्थ म्हणजे खिन्न, असं आपल्याला कधीपासून वाटायला लागलं?

पूर्व भाग :
आमच्याकडं सूत भिजवताना आजोबा म्हणायचे, ‘जरा उदासच धर’. म्हणजे सैल, ओढू नको. मला वाटायचं ते त्यांचं मोडकं मराठी आहे.

जुनी पोथी :
नाही हो. हा प्रयोग मी पहिल्यांदा ऐकतोय, कृपा करून नीट सांगा. सूत कुठल्या टप्प्याला असताना म्हणायचे? खळ लावायच्या आधी की नंतर? आणि पेठेत आणखी कुणी म्हणतं का?

पूर्व भाग :
काका अजून आहेत. उद्या सकाळी त्यांना विचारून लिहितो.

पहाटवर्ग :
नक्की लिहा. सोमवारी मी फळ्यावर नुसतं ‘अपरिग्रह’ लिहून खालची जागा मोकळी ठेवतेय, मावशींनाच खडू देणार आहे. त्या काय लिहितात ते इथं सांगेन.