आरे-वारेच्या चढावर आलेला गोळा

मी (ए-३०४), रविवार, दुपारी १२:४०
सोसायटीच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. आधी बी-१०१ मधल्या दादांचे मनापासून आभार. आज सकाळी गणपतीपुळ्याहून सायकलने रत्नागिरीला परत येताना (जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर) आरे-वारेच्या चढावर उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला असा गोळा आला की पाय पेडलवरून काढून खाली टेकवणंही जमेना. सायकलसकट कडेच्या गवतात आडवा झालो. दादा नेवऱ्याला माल टाकून परतत होते, त्यांनी टेम्पो थांबवला आणि मला घरी आणलं. दीड लिटर पाणी प्यायलो होतो, दोन केळी खाल्ली होती. तरी असं का व्हावं? डिसेंबरात आंबा घाट चढायचं ठरवलंय, म्हणून हे नीट समजून घ्यायचंय. कोणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

दादा (बी-१०१)
आभार कसले रे. मांडी हाताला दगडासारखी लागत होती. आता पाय कसा आहे?

मी
चालता येतंय, पण आतून ठणका आहे.

वहिनी (बी-३०३)
पोटॅशियम कमी पडलं असणार. रोज एक शहाळं पीत जा.

मास्तर (ए-२०१)
शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्या मानाने थोडं. घामातून जातं ते मुख्यतः मीठ. इंग्लंडमधल्या कोळशाच्या खोल, गरम खाणींतल्या कामगारांना असेच पेटके यायचे. घाम गाळायचे आणि वर नुसतं साधं पाणी प्यायचे. पाण्यात थोडं मीठ घालून दिल्यावर त्यांना आराम पडतो, हे १९२० च्या दशकात लिहून ठेवलेलं आहे. आपल्याकडची हवा तर घाम सुकूच देत नाही. सकाळी आठलाच बनियन पिळून काढावी लागते.

डॉक्टर (बी-२०२)
मास्तर, तुमचं बरोबर आहे, पण अर्धंच. मला आधी ए-३०४ ला तीन प्रश्न विचारायचे आहेत. एक, याआधी पन्नास किलोमीटर कधी मारले होतेस? दोन, आज नेहमीच्या वेगाने चालवत होतास का? तीन, लघवीचा रंग कसा आहे?

मी
१. मे महिन्यात. पावसाळ्यात चार महिने सायकल घरातच होती.
२. नाही. गणपतीपुळ्याला कोल्हापूरहून आलेले तिघं भेटले. परतताना त्यांच्या मागे लागलो, चढावरही त्यांना सोडलं नाही.
३. नेहमीसारखाच, थोडा पिवळा.

डॉक्टर
तिसऱ्या उत्तराने माझी काळजी मिटली. काळ्या चहासारखी लघवी झाली असती तर इथे लिहीत बसले नसते, सरळ हॉस्पिटलात नेलं असतं. स्नायू फार फाटले तर त्यातले घटक मूत्रपिंडात जाऊन अडकतात.

आता कारण. तुझ्या पहिल्या दोन उत्तरांतच ते आहे. व्यायामात येणाऱ्या गोळ्याबद्दल दोन विचार आहेत. एक मास्तरांचा, म्हणजे पाणी आणि मीठ. पण शरीरात मीठ कमी पडलं तर ते सगळ्या अंगात कमी पडेल, मग गोळा एकाच मांडीत का यावा? आणि नुसतं ताणल्यावर तो का सुटावा? ताणल्याने काही मीठ मिळत नाही. आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि धावणं अशी लांब पल्ल्याची शर्यत) स्पर्धकांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यात पेटके आलेले आणि न आलेले यांच्या पाण्या-मिठात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. ज्यांनी आपल्या ताकदीपेक्षा वेग जास्त ठेवला आणि ज्यांना आधीही पेटके येत होते, त्यांना ते जास्त आले.

दुसरा विचार १९९७ साली मांडला गेला आणि मला तो जास्त पटतो. स्नायूत त्याची लांबी मोजणारे मज्जातंतू असतात, ते सांगतात "आवळ". कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, ताण मोजणारे असतात, ते सांगतात "सोड". स्नायू दमला की "आवळ" म्हणणारे जास्त ओरडतात आणि "सोड" म्हणणारे गप्प होतात. स्नायू आधीच आखूड झालेला असला तर हे आणखी लवकर होतं. सायकलवर कंबर वाकलेली, गुडघा वाकलेला, मांडीचा मागचा स्नायू तासन् तास पूर्ण लांब होतच नाही. चार महिने विश्रांती, मग एकदम पन्नास किलोमीटर, त्यातही दुसऱ्याच्या वेगाने चढ. गोळा तिथेच आला, जिथे काम सर्वांत जास्त झालं.

मी
म्हणजे पाणी-मिठाचा काहीच संबंध नाही?

डॉक्टर
असं मी म्हणणार नाही. कोकणातल्या दमट हवेत तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि एका लिटरमध्ये साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम असतं, माणसागणिक वेगळं. ज्याच्या टी-शर्टवर सुकल्यावर पांढरे डाग उठतात त्याने मिठाकडे लक्ष द्यायलाच हवं. दोन तासांपेक्षा जास्त चालवायचं असेल तर एका बाटलीत ओआरएस घ्या. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, मोठी पुडी पूर्ण एक लिटरमध्ये. अर्ध्या लिटरमध्ये कालवू नका. आणि नुसतं साधं पाणी तहान नसताना ढोसत राहू नका, त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते गोळ्यापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. ज्यांना बीपी किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी हे मीठ-प्रकरण स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच करावं.

वहिनी
आणि केळं?

डॉक्टर
केळं खावं, त्यातली साखर चढावर कामाला येते. पण गोळा आल्यावर खाल्लेल्या केळ्यातलं पोटॅशियम रक्तात उतरायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो. तोवर गोळा आपोआप गेलेला असतो आणि नाव केळ्याचं होतं.

काकू (ए-१०२)
मी बघत होते सगळं. आमचे सासरे भातलावणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून यायचे, रात्री पोटरीत गोळे. सासूबाई खारातल्या कैरीच्या बरणीतलं पाणी दोन घोट द्यायच्या. लगेच उतरायचा. आम्हाला वाटायचं मीठ मिळालं म्हणून.

डॉक्टर
काकू, तुमच्या सासूबाईंना मनापासून नमस्कार. २०१० साली अमेरिकेत नेमकं हेच तपासलं. लोकांच्या घोट्याजवळच्या मज्जातंतूला विजेचे हलके झटके देऊन पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत पेटका आणला आणि काकडीच्या लोणच्याचं खारं, आंबट पाणी प्यायला दिलं. साधारण दीड मिनिटात पेटका सुटला, साध्या पाण्यापेक्षा बराच लवकर. एवढ्या वेळात मीठ पोटातून रक्तात जाऊच शकत नाही, रक्त तपासलं तर त्यात बदलही नव्हता. म्हणजे तोंडातल्या आणि घशातल्या तंतूंना त्या झणक्याची जाणीव होते आणि तिथून मज्जारज्जूकडे "शांत हो" असा निरोप जातो, असं मानतात. आयन चॅनलवरच्या (पेशीत क्षार आत-बाहेर जाऊ देणाऱ्या वाटांवरच्या) कामासाठी २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले रॉडरिक मॅकिनन पुढे याच मागे लागले, त्यांनी आलं, दालचिनी आणि मिरची वापरून पाहिली.

काकू
मग कोकमाचं आगळ चालेल का? माझ्याकडे यंदाचं आहे. त्यात मीठ असतंच, वर घालायला नको.

डॉक्टर
आगळावर कुणी तपासणी केल्याचं मला माहीत नाही, पण आंबट आहे, खारट आहे, करून बघायला हरकत नाही. छोट्या बाटलीत दोन-तीन घोट खिशात ठेव. फक्त हा तात्पुरता उपाय आहे. पुन्हा त्याच जोरात पेडल मारलंस तर दहा मिनिटांत गोळा परत येईल.

ताई (सी-२०१)
डॉक्टर, मध्येच विचारते, आईला रात्री झोपेत पोटरीत गोळे येतात. तिलाही हेच?

डॉक्टर
ते प्रकरण वेगळं आहे. उतारवयात मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा फारसा उपयोग दिसलेला नाही. कुणी क्विनाईन सुचवलं तर मुळीच देऊ नका, हृदयावर आणि रक्तावर त्याचे परिणाम होतात. आईंची बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू आहे का ते बघायला हवं. संध्याकाळी कागद घेऊन या.

सी-१०३
मी शाळेत असताना रेस मारायचो, आता सायकली दुरुस्त करतो, म्हणून माझंही ऐका. गोळा आला की आधी पेडल मारणं थांबव आणि उतर. मांडीच्या मागे असेल तर टाच समोर जमिनीवर, गुडघा सरळ, कमरेतून हळू पुढे वाक. पोटरीत असेल तर पंजा स्वतःकडे ओढ. मांडीच्या पुढे असेल तर उभं राहून टाच मागे कुल्ल्याकडे धर. झटका द्यायचा नाही, सुटेपर्यंत धरून ठेवायचं. मग पाच मिनिटं हलक्या गिअरवर.

दुसरं, तुझी सीट मला उंच वाटते. गेल्या आठवड्यात गेटमधून जाताना बघितलं, दर फेरीला कंबर डावी-उजवीकडे डुलत होती. सीट उंच असली की तळाला पोचण्यासाठी पाय ताणावा लागतो, पंजा खाली रोखला जातो, पोटरी आणि मांडीचा मागचा भाग दोन्ही भरतात. सीटवर बस, टाच पेडलवर ठेव, पेडल अगदी खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग पंज्याने चालवताना तो आपोआप थोडा वाकलेला राहतो.

आणि चढावर जड गिअर कशाला? मिनिटाला पन्नास फेऱ्या जोर लावून मारण्यापेक्षा सत्तर-ऐंशी हलक्या मार. दम लागेल, पण स्नायू वाचेल. मागची सर्वांत मोठी चकती त्यासाठीच आहे.

मी
मी मधल्याच चकतीवर होतो. खाली टाकलं तर मागे पडेन असं वाटलं.

सी-१०३
तिथेच चुकलं. कोल्हापूरची पोरं बारा महिने चालवतात.

डॉक्टर
दोन-तीन दिवस सायकल नको, चालणं ठेव. नंतर दर आठवड्याला थोडंच वाढव. भाट्याचा पूल ओलांडून पावसपर्यंत जाऊन ये, त्यात चढही मिळतील आणि दमलास तर घर जवळ. आंबा घाटाआधी छोट्या चढांची सवय झाली पाहिजे. स्नायूला ते काम आधी माहीत असलं की तो घाबरत नाही.

मास्तर
माझं मिठाचं म्हणणं अगदीच वाया गेलं नाही, एवढं बरं वाटलं. पावसला जायच्या दिवशी मला सांग, मीही येईन. मी आपला सपाटीवरच.

मी
नक्की, मास्तर. काकू, आगळ घ्यायला संध्याकाळी येतो. सी-१०३, सीट कधी बघूया?

सी-१०३
आज सातला पार्किंगमध्ये. पाच मिलिमीटरची एलन की मी आणतो. तू येताना ज्या बुटांनी सायकल चालवतोस तेच घालून ये, चपलेत माप चुकतं.