३२८आय – थ्रस्ट आर्मचे बुश ८ महिन्यांत परत फाटले, आता पॉली टाकू का?

विजापूररोडवाला
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची बीएमडब्ल्यू ३२८आय, एफ३०, सेकंडहँड घेतलेली, आत्ता ८४ हजार किमी. गेल्या वर्षी ९०-१०० वरून ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात थरथरायचं. आधी डिस्क वाकल्या म्हणून डिस्क बदलल्या, फरक शून्य. मग कळलं की पुढच्या थ्रस्ट आर्मचे (चाक पुढं-मागं हलू न देणारा दांडा) बुश, म्हणजे त्याच्या टोकातले रबरी सांधे, गेलेत, तेव्हा दोन्ही बाजूचे नवीन टाकून घेतले आणि गाडी अशी झाली की सोडायला मन होत नव्हतं.

आता ८ महिने झाले आणि परत तेच. परवा तुळजापूरहून येताना पुढं उसाची ट्रॉली, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, जोरात ब्रेक दाबला तर स्टेअरिंग थडथड करत डावीकडं ओढलं. बायको आणि लेक गाडीत, हातपाय गार पडले माझे. घरी आल्यावर चाक पूर्ण वळवून टॉर्चनं बघितलं तर डाव्या बुशचं रबर अर्ध्या गोलाईत फाटलंय, नख आत जातंय आणि खाली आर्मवर काळा तेलकट ओघळ.

पार्ट ओरिजनल होता, डबा मी स्वतः फोडलाय. गॅरेजवाला म्हणतोय आपले रस्तेच असे, पॉली (रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे कडक बुश) टाका म्हणजे कायमची कटकट जाईल. रोज चिंचोळी एमआयडीसीला जाणं-येणं आणि महिन्यातून दोनदा पुणे. टाकू का पॉली?

पाना_१७
मालक, पॉलीचं नंतर बघू, आधी एक सांगा. मागच्या वेळी बुशचे बोल्ट फायनल आवळले तेव्हा गाडी कुठं होती, जमिनीवर का लिफ्टवर चाकं लोंबकळत?

विजापूररोडवाला
लिफ्टवरच की वो. मी तिथंच उभा होतो, एअर गननं आवळले, मग चाकं लावून गाडी खाली घेतली.

पाना_१७
मग रस्त्याला दोष देऊ नका, बुश तिथंच मेला.

हे नीट समजून घ्या, कारण खूप जणांचे पैसे यात जातात. रबरी बुशमध्ये बाहेरचं कडं आणि मधली नळी, दोन्हीला रबर चिकटवलेलं असतं, काहीच फिरत नाही. बोल्ट आवळला की मधली नळी जागेवर घट्ट बसते आणि आर्म वरखाली होतो तेव्हा रबर फक्त पिळतं. म्हणजे आवळताना आर्म ज्या कोनात असेल तो रबरचा शून्य. तुमचा शून्य चाक लोंबकळताना ठरला, त्यामुळं गाडी नुसती दारात उभी असली तरी रबर पिळलेलंच, वरून प्रत्येक खड्ड्यात अजून पीळ. त्यात आपला मे महिना, पारा ४२ च्या वर आणि खालून डांबराची धग, ८ महिने टिकला हेच खूप झालं.

आणि तो काळा ओघळ म्हणजे बुशच्या आतलं पाणी गेलं. हा हायड्रो बुश असतो, आत द्रवाचे कप्पे असतात, ब्रेक मारताना चाकाची थरथर तो द्रव गिळतो. तो गेला की सगळं सरळ स्टेअरिंगला येतं, डिस्कचा बिचारीचा काही संबंध नाही.

यावेळी असं करा. गाडी उचलायच्या आधी, सपाट जागेवर, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत माप घ्या आणि खडूनं लिहून ठेवा. काम झालं की बोल्ट फक्त हातानं लावा, मग हबखाली (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) जॅक देऊन तेच माप येईपर्यंत उचला आणि तेव्हाच टॉर्क पान्यानं आवळा. दोन्ही बाजू एकदम उचला, नाहीतर अँटीरोल बार (दोन्ही बाजूंना जोडणारी सळई) एका बाजूनं ओढत राहतो. जॅकनं गाडी लिफ्टच्या पॅडवरून सुटायला लागली तर लगेच थांबा, त्यापेक्षा चाकं रॅम्पवर ठेवून आवळलेलं कधीही चांगलं. आणि बोल्ट-नट नवीन घ्या, जुने परत वापरू नका.

जुळे_सोलापूर_जीटी
पॉलीबद्दल मी सांगतो, माझ्या पोलो जीटी टीएसआयला दोन वर्षं आहेत. स्टेअरिंग एकदम धारदार होतं, हे खरं, वळणावर गाडी लगेच ऐकते. पण पहिल्या पावसानंतर कुरकुर सुरू झाली, दोनदा खोलून सिलिकॉन ग्रीस भरलं, आणि सिमेंटच्या रस्त्यावर जी घरघर येते ती पुण्यापर्यंत डोक्यात बसते. मी एकटा फिरतो म्हणून चालवून घेतो. तुमच्या गाडीत तर हायड्रो बुश काढून पॉली म्हणजे द्रवाचं कामच बंद, चाकाचं बॅलन्सिंग थोडं हललं तरी हाताला कळणार. घरचे बसतात ना गाडीत, ओरिजनलच टाका दादा.

लेथ_अक्कलकोटरोड
आमचं लूमच्या पार्टचं लेथ वर्कशॉप आहे, हायड्रॉलिक प्रेस असल्यानं गॅरेजवाले बुश घेऊन येतात. एक विनंती, हातोड्यानं ठोकलेला आर्म आणू नका, भोक अंडाकृती होतं मग नवीन बुश धरत नाही. दुसरं, या बुशला दिशा असते. रबरमध्ये मोकळ्या जागा असतात त्या ठराविक बाजूलाच यायला पाहिजेत, म्हणून जुना काढायच्या आधी आर्मवर पंचनं खूण करायची. परवाच एक जण खूण न करताच जुना काढून घेऊन आला, मी परत पाठवला, अंदाजानं दाबणार नाही म्हटलं. जमत असेल तर बुशसकट अख्खा आर्म घ्या, बॉल जॉइंटही नवा येतो. पार्ट नंबर चेसिस नंबरवरूनच काढा.

विजापूररोडवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. झालं काम. दोन्ही बाजूचे अख्खे आर्मच घेतले. माप डावीकडं ३६२, उजवीकडं ३६० मिमी आलं, फेंडरवर खडूनं लिहिलं. दुसऱ्या गॅरेजला गेलो, मिस्त्री आधी म्हणाला एवढं कशाला, पण मी जुन्या बुशची मधली नळी पकडून दाखवली, फाटलेली कडा सगळी एकाच दिशेला ओढलेली होती. ते बघून स्वतःच जॅक घेऊन आला.

अलाइनमेंट करून काल मोहोळपर्यंत गेलो, १०० वरून तीन वेळा ब्रेक दाबला. हात सैल सोडले तरी स्टेअरिंग जागच्या जागी. लेक मागं झोपली होती, उठलीसुद्धा नाही.

पाना_१७
वा मालक! आता प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून, ते ज्या न हलणाऱ्या भागावर टेकतं त्यावर पेंटची बारीक रेघ मारून ठेवा आणि हजार किमीनंतर एकदा टॉर्चनं बघा. रेघ तुटलेली दिसली तर गाडी तिथंच थांबवून इथं लिहा.