'डूला'ला मराठीत काय म्हणावं? सुईण, दाई, सोबतीण आणि 'बाळंतपण करणे'

अनुवादिका
गरोदर बायका आणि त्यांच्या घरच्यांसाठी एक मराठी पत्रक तयार होतंय. मूळ मजकुरात 'डूला' हा शब्द जागोजागी आहे. कळा सुरू झाल्यापासून बाईजवळ थांबणारी, पाठ दाबून देणारी, धीर देणारी, आणि पुढचे काही आठवडे घरी येऊन दूध पाजणं, झोप, जेवण यांत हात देणारी प्रशिक्षित बाई, असा त्याचा अर्थ. ती तपासत नाही, इंजेक्शन देत नाही, नाळ कापत नाही. मसुद्यात एके ठिकाणी 'सुईण' आलंय, दुसऱ्या ठिकाणी 'दाई'. दोन्ही खटकतात. काय लिहावं?

कोशवाचक
खटकतंय ते बरोबरच आहे. सुईण शब्दाच्या मुळाशी 'सू' धातू आहे, जन्म देणे. प्रसूती, प्रसव, सूतिका ही सगळी त्याच घरातली. सुईण म्हणजे जिच्या हातावर मूल जन्मतं ती.

दाईचं जरा गुंतागुंतीचं आहे. संस्कृत 'धात्री' आणि फारसी 'दाया' या दोन्ही शब्दांत दूध पाजणारी हा अर्थ आहे. मराठीत त्यासाठी 'दूधआई' हा स्वच्छ शब्द आहे. संभाजी महाराजांची दूधआई कापूरहोळची धाराऊ. पुढे सरकारी आरोग्य कार्यक्रमांत 'प्रशिक्षित दाई' आली आणि दाई म्हणजे सुईण हा अर्थ पक्का झाला.

'डूला' ग्रीकमधून आलेला. तिथे मूळ अर्थ दासी, गुलाम स्त्री. १९७०च्या दशकात अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी अंगावर पाजणाऱ्या आईला आधार देणाऱ्या बाईसाठी तो वापरला आणि नंतर तो प्रसूतीच्या सोबतीलाही लागू झाला. दासी या अर्थामुळे हे काम करणाऱ्या काही जणी तो शब्द टाळतात. मग आपण तो उचलायलाच हवा असं नाही.

प्रसूतिकक्ष
कृपा करून 'सुईण' लिहू नका. पत्रकात सुईण वाचलं की घरचे धरून चालतात की ही आली म्हणजे प्रसूती घरी उरकेल. वार अर्ध्या तासात पडली नाही, किंवा वार पडल्यावर रक्त थांबेना, तर सोबतीला बसलेल्या बाईच्या हातात काहीही नसतं. प्रसूतीनंतर अर्धा लिटर किंवा जास्त रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव. तिथे ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आवळून रक्त थांबवणारं औषध) लागतं, सलाइन लागतं, रक्त चढवायची सोय लागते.

सरकारी कागदोपत्री प्रसूती करणारीला 'प्रसाविका' म्हणतात (एएनएम म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका). तुम्हाला हवी ती बाई वेगळी. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी जवळचं एक माणूस सोबत ठेवायला केंद्र सरकारने २०१६मध्ये परवानगी दिली. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. त्या माणसासाठी 'सोबत' हा शब्द वॉर्डात आधीपासून आहे. "हिची सोबत कोण आहे?" असंच विचारतात.

आता एक विनंती. पत्रकात 'कळ येणे' आणि 'कळ देणे' वेगळं ठेवा. कळ येते ती आपोआप. कळ देणे म्हणजे जोर करणे, आणि गर्भपिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर उघडल्याशिवाय जोर करायचा नसतो. सोबतीण मायेपोटी "दे कळ, दे कळ" करत राहिली तर गर्भपिशवीच्या तोंडाला सूज येते, बाई थकते आणि खऱ्या वेळी तिच्यात जोर उरत नाही. जोर कधी द्यायचा ते प्रसाविका सांगेल. सोबतिणीने तोवर काय करावं तेही लिहा: चालायला आधार देणे, डाव्या कुशीवर वळवणे, घोटघोट पाणी देणे, कळ आली की माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहात घट्ट दाबून धरणे आणि कळ ओसरली की सोडणे. चोळत बसण्यापेक्षा या स्थिर दाबाने पाठीच्या कळांना जास्त आराम पडतो. आणि बाळ खाली यावं म्हणून वरून पोट कोणीही दाबायचं नाही. गर्भपिशवी फाटू शकते.

बोलीवही
नाम शोधताना क्रियापद हातातून सुटतंय असं वाटतं. 'बाळंतपण' या एका शब्दाचे तीन अर्थ रोज वापरात आहेत. "तिचं बाळंतपण अवघड गेलं" म्हणजे प्रसूती. "बाळंतपणात गार पाणी नको" म्हणजे तो काळ. आणि "आईने तिचं बाळंतपण केलं" म्हणजे उस्तवार: तेल, न्हाणं, शेक, जेवण, बाळाची दुपटी, रात्रीची जागरणं, आल्यागेल्याला दारातच थोपवणं. प्रसूती डॉक्टर करतात, बाळंतपण आई करते. आजही "पहिलं बाळंतपण माहेरी" म्हणताना हाच तिसरा अर्थ असतो, मग प्रसूती कुठल्या का दवाखान्यात होईना.

डूला जे करते ते जवळजवळ सगळं या क्रियापदात आहे. नाही ते एवढंच, की मराठीत हे काम आईचं, सासूचं, मावशीचं म्हणून धरलंय, त्यामुळे ते करणारीला स्वतंत्र नाव पडलं नाही. शहरांत पैसे देऊन येते ती 'मालिशवाली' किंवा 'बाळ-बाळंतिणीच्या अंघोळीची बाई'. तिच्या कामाचा एकच तुकडा त्या नावात आला.

अनुवादिका
हे फार उपयोगाचं आहे. आणखी एक अडचण. प्रसूतीनंतर जो स्राव जातो त्याला मसुद्यात 'सूतिकास्राव' लिहिलंय. कोणाला कळेल?

प्रसूतिकक्ष
कोणालाही नाही. 'अंगावरून जाणे' लिहा. मात्र 'अंगावर' हा शब्द बाळंतिणीच्या बाबतीत तीन ठिकाणी येतो, तेव्हा प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य लिहा. 'अंगावर पाजणे' म्हणजे आईचं दूध देणे. 'अंगावरून जाणे' म्हणजे योनीतून रक्त किंवा पांढरं जाणे. आणि 'अंगावर काढणे' म्हणजे उपचार न करता दुखणं सोसणे. "अंगावरून जातंय ते अंगावर काढू नका" हे वाक्य कोणत्याही बाईला एका दमात कळेल.

नेहमीचं किती, तेही द्या. पहिले तीन-चार दिवस लाल, मग साधारण दहाव्या दिवसापर्यंत तपकिरी-गुलाबी, पुढे पिवळसर-पांढरं, चार ते सहा आठवड्यांत बंद. एका तासात एक पॅड पूर्ण भिजत असेल, लिंबाएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडत असतील, घाण वास येत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. रक्त भळाभळा जात असेल तर १०८.

दूधचर्चा
'कोलोस्ट्रम'साठी 'चीक' लिहा, 'प्रथमदुग्ध' नको. खरवसाचा चीक ज्या घरात कौतुकाने वाटला जातो त्याच घरात आईचा चीक घट्ट आणि पिवळा म्हणून पिळून टाकत असत. अजूनही कुठे टाकतात. शब्द एकच असल्यामुळे समजावणं सोपं जातं. पहिल्या तासात बाळ छातीला लावायचं. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीक येतो आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. "दूधच येत नाही" म्हणून वरचं दूध सुरू होतं ते नेमकं इथे.

दुसरा शब्द 'पान्हा'. दूध तयार होणं आणि पान्हा फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मराठीला ठाऊक आहे. म्हणून तर गाय 'पान्हा चोरते' म्हणतात: कासेत दूध असतं, सोडत नाही. बाईच्या बाबतीतही भीती, टाक्यांची दुखण, लाज, बोलणी यांनी पान्हा अडतो, दूध आटलेलं नसतं. बाळंतिणीला "तुला दूधच नाही" म्हणणारं माणूस खोलीबाहेर ठेवणं हे सोबतिणीचं खरंखुरं काम आहे. दूध पुरतंय का हे लघवीवरून पाहावं: पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त दुपटी ओली. सहा महिने मध, घुटी, पाणी काहीही नाही.

कोशवाचक
बाळंतपणाच्या 'काळा'बद्दल थोडं, कारण इथे आकडे शब्दांत लपलेत. संस्कृतात 'सूतक' मूळचं जन्माचं अशौच, त्याच 'सू' धातूपासून. मराठीत सुतक मृत्यूकडे गेलं आणि जन्माचं ते 'सोयर' किंवा 'वृद्धी' झालं. सोयर दहा दिवसांचं. 'ओली बाळंतीण' हा नितळ शब्दही याच पहिल्या दिवसांतला, अंग अजून भरून न आलेली बाई. पुढे 'सव्वा महिना'. आयुर्वेदात सूतिकाकाळ दीड महिन्याचा, आणि आजचं वैद्यकही सहा आठवडेच धरतं.

आशाताईंचा गट
मग हे पत्रकात घालाच. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताईच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही. पहिल्या दोन भेटी सोयरात पडतात. "सोयर आहे, नंतर या" म्हणून दारातून परत पाठवलं की नेमके ताप, रक्त आणि बाळाची कावीळ दिसण्याचे दिवस निसटतात. शेवटची भेट सव्वा महिना उलटल्यावर येते. तोवर घरच्यांच्या लेखी बाळंतपण संपलेलं असतं आणि बाई चुलीपाशी उभी असते.

घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने उभी केली आणि तिथल्या गावातल्या कार्यकर्तीला नाव दिलं 'आरोग्यदूत'. १९९९मध्ये त्या कामाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. साध्या शब्दाने काम किती पुढे जातं त्याचं हे उदाहरण.

शेगडीबद्दल एक ओळ हवी. 'शेक' म्हणजे बंद खोलीत बाजेखाली निखारे असं चित्र असतं. धुरातला विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि बाळ तिथेच असतं. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी, फडक्यात गुंडाळून, टाक्यांपासून लांब. सुंठ, डिंक, अळीव जेवणात आहेत ते असू द्या, पण पाणी तोडू नका. लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस.

मनाचा कोपरा
'बाळंतरोग' हा शब्द पत्रकात शक्यतो येऊ देऊ नका. बाळंतपणानंतर बाई खंगली की त्याला बाळंतरोग म्हणून मोकळं होतात. त्या एका नावाखाली जंतुसंसर्गाचा ताप, रक्तक्षय, क्षयरोग आणि मनाचे आजार सगळेच झाकले जातात. वेगवेगळं लिहा.

मनाचं लिहिताना 'प्रसूतिपश्चात नैराश्य' शीर्षकात ठेवा हवं तर, मजकुरात नको. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास कारण नसताना रडू येतं, चिडचिड होते. दोन आठवड्यांत ते आपोआप निवळतं. ते नेहमीचं. दोन आठवड्यांपुढेही मन लागत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. कानात आवाज येणं, भलतंच बोलणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार: ही त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची वेळ. घरचे याला 'बाहेरचं' म्हणतात, म्हणून तोही शब्द लिहा आणि पुढे लिहा की हे बाहेरचं नाही. टेली मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक द्या.

कारवारकडून
गोव्यात कोकणीत सुईणीला 'वयजीण' म्हणतात, म्हणजे वैद्य शब्दाचं स्त्रीरूप. सीमाभागासाठी पत्रक असेल तर ध्यानात असू द्या. कन्नडमध्ये बाळंतीण 'बाणंती' आणि बाळंतपण 'बाणंतन', तेलुगूत 'बालिंत'. बाळंत हा शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंना लगेच कळतो.

अनुवादिका
म्हणजे 'सोबतीण'. पण नुसतं सोबतीण मैत्रिणीसारखं वाटतं, आणि नवरा सोबत असला तर?

बोलीवही
बाळंतकाढा, बाळंतशेपा, बाळंतविडा. 'बाळंत' पुढे जोडून शब्द करायची वाट भाषेत मळलेली आहे. त्याच वाटेने 'बाळंतसोबतीण' करा. ऐकणारीला समजावून सांगावं लागणार नाही. पुरुषासाठी 'बाळंतसोबती' ओढूनताणून होईल, तिथे "नवरा सोबतीला असेल तर" एवढं पुरे.

प्रसूतिकक्ष
चालेल. पहिल्यांदा शब्द येईल तिथेच पुढचं वाक्य लावा: "बाळंतसोबतीण प्रसूती करत नाही. प्रसूती प्रसाविका किंवा डॉक्टर करतात." आणि त्याखाली आशाताईचा आणि जवळच्या प्रसूतिगृहाचा नंबर लिहायला दोन रिकाम्या ओळी सोडा, पेनाने लिहिता येईल एवढ्या रुंद.