बेसबॉलमध्ये सलग विजयांचा विक्रम नेमका कोणाचा? आणि 'मनीबॉल' कितपत खरा?

डावखुरा_पिचर: आपली टीम सुसाट सुटलीय, त्यामुळे 'मनीबॉल' हा ओकलंडच्या संघावरचा सिनेमा पुन्हा बघितला. ओकलंडचे सलग 20 विजय हाच विक्रम आहे का? विसाव्या मॅचमध्ये 11-0 ची आघाडी घालवून 11-11 झालं ते खरं की फिल्मी?

नववी_इनिंग: अगदी खरं. 4 सप्टेंबर 2002, समोर कॅन्सस सिटी. नवव्या इनिंगमध्ये बदली बॅटर म्हणून आलेल्या ओकलंडच्या हॅटेबर्गने होमरन (षटकारासारखा फटका) मारला, 12-11. पुढच्याच मॅचमध्ये मिनेसोटाने 6-0 ने मालिका तोडली. ते 20 विजय तेव्हा अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) विक्रम होते. 2017 मध्ये क्लीव्हलंडने 22 केले.

स्कोअरबुक: आणि 1916 च्या न्यूयॉर्क जायंट्सचे 26! मध्ये एक मॅच बरोबरीत सुटली होती, म्हणून वाद होतो. पण बरोबरी म्हणजे हार नव्हे, मालिका चालूच राहते. बरोबरीने मालिका तुटते असं धरलं तर मात्र क्लीव्हलंड पहिले.

नववी_इनिंग: सिनेमाची खरी लबाडी वेगळीच आहे. हडसन, मल्डर, झिटो ही ओकलंडची पिचिंगची (बॉल टाकणाऱ्यांची) तिकडी जवळपास गायब! झिटोला त्याच वर्षी साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) पुरस्कार मिळाला, त्याच संघातल्या तेहादाला एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू). नुसत्या ऑन-बेस टक्केवारीवर (बॅटर किती वेळा बेसवर पोहोचतो त्याचं प्रमाण) कोणी 20 मॅच जिंकत नाही. शिवाय जेरेमी जिआम्बी 2000 पासूनच संघात होता, सिनेमात तो नवी खरेदी म्हणून दाखवलाय.

डावखुरा_पिचर: ऑन-बेस काढतात कशी?

स्कोअरबुक: हिट (फटका मारून गाठलेला बेस), वॉक (चार चुकीच्या बॉलमुळे फुकट मिळालेला बेस) आणि अंगावर बसलेले बॉल यांची बेरीज अपूर्णांकात वर. खाली ॲट-बॅट (वॉक वगैरे वगळून धरलेल्या बॅटिंगच्या पाळ्या), वॉक, अंगावरचे बॉल आणि सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः झेलबाद होऊन साथीदाराला धाव काढून देणारा फटका). शेवटचं सगळेच विसरतात, मग आकडा फुगतो.