खड्ड्यावर इन्फ्रारेड मशीन: मराठवाड्यात चालंल का नुसतं रीलपुरतंच?

काळी_माती_परभणी
परवा एका भावानं इथं रील टाकली. परदेशात लोखंडी पेटीसारखं मशीन खड्ड्यावर आणून ठेवतात, दहा मिनिटात डांबर मऊ, दाताळ्यानं उकरलं, थोडा नवा माल टाकला, रोलर फिरवला, झालं काम. वर लिहिलेलं, "तिकडं दहा मिनिटं, आपल्याकडं दहा वर्षं. इच्छाशक्तीच नाही." खाली सगळ्यांच्या टाळ्या. मला काही राहवलं नाही, लांबलचक लिहितोय, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

मशीन खोटं नाही. गॅसवर चालतं, जाळ थेट डांबराला लागत नाही, आतली जाळी तापून लाल होती आणि तिची इन्फ्रारेड उष्णता खाली मुरती. सात-दहा मिनिटात दोन-तीन इंचाचा थर १५० डिग्रीच्या आसपास येतो. मग उकरायचं, वाळलेल्या जुन्या डांबरात रिजुव्हेनेटर, म्हणजे डांबर परत मऊ-चिकट करणारं तेल, मिसळायचं, कमी पडंल तेवढा नवा हॉटमिक्स (खडी-डांबराचा गरम माल) घालून दाबायचं. कडेचं जुनं डांबरबी तापलेलं असतं म्हणून जुन्या-नव्याचा सांधाच राहत नाही, आणि बुजवलेला खड्डा परत उखडतो तो बहुतेक सांध्यातून पाणी शिरूनच. इथपर्यंत मान्य.

पण भाऊ, दोन-तीन इंच! आपला रस्ता त्याच्या खाली मरतो. काळी माती पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळती, सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलायची ताकद, काढला तर दोन-तीन टक्केच येतो. वर मुरूम धड दाबलेला नाही, नाली नाही, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच, म्हणजे पाणी मधेच बसून राहतं. आणि गावाकडच्या रस्त्याला कारपेट, म्हणजे वरचा डांबरी थर, असतं २० एमएम. दोन इंच तापवायला आधी दोन इंच डांबर तर पाहिजे ना! खाली काय, खडी तापवायची?

औसा_रोड_स्प्लेंडर
रील मीच टाकली होती. म्हणजे काय, काही करायचंच नाही? आधी पाया, मग नाली, मग मुरूम, मग सीबीआर, तवर आम्ही पडायचं. तुमच्यासारखे हुशार लोक प्रत्येक गोष्टीला "पाया खराब" म्हणून हात झटकतेत. गेल्या पावसाळ्यात बायको मागं बसलेली, पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही, दोघं बी आडवे. तिच्या मनगटात अजून कळ येती, भाकरी थापता येईना. त्या खड्ड्याला तुमचा सीबीआर सांगा.

आणि सगळे रस्ते काय काळ्या मातीवर नाहीत. संभाजीनगरात, लातुरात शहरातले रस्ते चांगले जाड हायेत, फक्त पाइपलाइनवाले येऊन चर खांदून जातेत अन् वर माती लोटतेत. तिथं तरी चालंल का न्हाई हे मशीन? सरळ उत्तर द्या.

डांबरवाला_नांदेड
मी गुत्तेदाराकडं पेव्हरवर, म्हणजे डांबर अंथरायच्या मशीनवर, कामाला होतो त्यामुळं दोघांचं ऐकून हसू येऊ लागलं. व्हीजी-३० ग्रेडच्या डांबराचा माल टाकताना कमीत कमी १४० डिग्री पाहिजे आणि ९० च्या आत रोलिंग आटपलं पाहिजे, म्हणजे ९० च्या खाली उतरायच्या आत. आता प्लांट कुठं, खड्डा कुठं. डंपरवर ताडपत्री नाही, मधी ड्रायव्हरचा चहा. माल येतो तेव्हा ढेकळं झालेली असतात, टिकाव मारून फोडावं लागतं. खड्डा झाडलेला नसतो, कडा चौकोनी कापायचं तर सोडाच, जुनं-नवं चिकटावं म्हणून मारायचा पातळ डांबराचा टॅक कोट म्हणजे पिंपातलं काळं पाणी दोनदा शिंपडलं की संपलं. वरून डंपरचंच चाक फिरवायचं अन् पुढच्या खड्ड्याकडं. मशीन निदान जाग्यावर गरम करतं, एवढ्या बाबतीत रीलवाल्याचं खरं हाय.

पण ते मशीन चालवणार कोण? आपलंच पोरगं, रोजंदारीचं. दहा मिनिटं लावायचं तिथं मोबाईल बघत वीस मिनिटं लावणार. वरचा थर जळून निळा धूर निघतो, डांबराचा चिकटपणा जातो, खडी नुसती सुटी होती अन् खाली मात्र गारच. मग म्हणणार मशीन खराब. अन् ओल्या रस्त्यावर गॅसची निम्मी आग पाणी उडवण्यातच जाती. आपल्याकडं खड्ड्याची आठवण येती कधी? पावसात.

उस्मानाबादी_मास्तर
सगळं बरोबर पण खरं कारण कुणी बोलंना. ऊस! कारखाना पेटला की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस वरपर्यंत रचलेला, मागं रिफ्लेक्टर नाही का लाइट नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते ६० रस्त्यावर ट्रक फिरवून चाचणी घेतली होती, त्यातून निघालं की एक्सलचा, म्हणजे चाकांच्या आसावरचा, भार दुप्पट केला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, साधारण सोळापट होतं. त्यात ट्रॉली हळू चालती, म्हणजे वजन डांबरावर जास्त वेळ बसतं. मार्चच्या उन्हात चाकोऱ्या पडतात त्या अशानं. आधी ट्रॉल्या बंद करा, मग मशीन आणा.

फडातला_माजलगाव
आलं शेवटी शेतकऱ्यावर. मास्तर, तुमच्या पगाराला एक्सल असतो का? ऊस काय डोक्यावर नेऊ? टोळी एक दिवस थांबली तर मुकादम फोनवर फोन, तोडलेला ऊस फडात वाळला की वजन घटतं, ते पैसे तुम्ही देणार? रात्रभर वाळूचे हायवा पळतेत तेव्हा तुमची इलिनॉयची चाचणी कुठं झोपती?

उस्मानाबादी_मास्तर
हायवाचं समर्थन कुणी केलं? आणि पगारावर कशाला घसरता. तुमच्याच कारखान्याच्या रस्त्यावर मी रोज स्कूटी चालवतो, ट्रॉलीतनं लोंबणाऱ्या उसाचा फटका एकदा खांद्याला बसलाय, म्हणून बोलतोय.

फडातला_माजलगाव
फटका बसला ते वाईट झालं. पण रस्ता काय मी बांधला? माझ्या बापाच्या काळात बैलगाड्यांनी ऊस जायचा तेव्हाबी खड्डे होतेच.

डांबरवाला_नांदेड
दोघं बी थांबा जरा. २०१८ ला सरकारनंच चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ टनावरून ११.५ केली. मास्तरच्याच हिशोबानं काढलं तर कायदेशीर ट्रकच दीडपटीपेक्षा जास्त रस्ता खातो. रस्ते तेवढे जाड झाले का? न्हाई. मग एकट्या ऊसवाल्याला कामून धरता.

लातूरची_मंदाताई
किती वेळ ट्रॉलीच चाललीय, मशीन राहिलं बाजूला. माझं म्हणणं वेगळंच आहे. आमच्या गल्लीत रस्ता नवा झाला आणि महिन्याभरात नळासाठी खोदला. विचारलं तर म्हणे ते काम वेगळ्या खात्याचं. तिथं तुमचं मशीन काय करणार? चर नीट दाबलेलीच नाही, वरून कितीही गरम करा, पहिल्या पावसात परत खचणार. आणि रस्ता डीएलपीत, म्हणजे गुत्तेदारानंच दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत, असला तरी गुत्तेदार म्हणतो नळवाल्यांनी खोदला, मी का दुरुस्त करू. त्याचंही काही चुकत नाही म्हणा.

औसा_रोड_स्प्लेंडर
ताई तुम्ही पण त्यांच्याच बाजूनं. ठीक हाय, मशीन नकोच, खड्ड्यात मासे पाळू.

काळी_माती_परभणी
मासे पाळा, पाणी भरपूर असतंय. आता सरळ उत्तर मागितलं होतं ते देतो. चर थरावर थर घेऊन, पाणी मारून दाबलेली असंल आणि वर जाड डांबर असंल, तर तिथल्या सांध्याला, मॅनहोलच्या भोवतीच्या खळग्याला, दोन पट्ट्यांमधल्या उघडलेल्या जोडाला मशीन चांगलं. कोरड्या दिवसात, धूर बघून वेळीच उचलणारा माणूस असंल तर. शहराच्या पालिकेनं एक घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. पण मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडलेल्या जागेवर गेलात तर ती खालून मेलेली आहे, तिथं खोदून काळी माती काढा, मुरूम भरा, तेच एक. अन् जिल्हा मार्गावर रील दाखवून "इच्छाशक्ती" म्हणू नका, तिथं बजेट लागतं नालीचं. नाली मंजूर करायला कुणी रील काढत नाही.

औसा_रोड_स्प्लेंडर
म्हणजे शहरात चालतं. हेच मी पहिल्यापासून म्हणू लागलोय, पण तुम्हाला मान्य करायला केवढं लांब लिहावं लागलं.

फडातला_माजलगाव
मान्य-अमान्य नंतर करा. मास्तर, एक ट्रॉली लावायला मी तयार हाय, कारखान्याला सांगून वाहतुकीचा दर वाढवून आणा. डिझेल माझं जातंय.

उस्मानाबादी_मास्तर
कारखान्यात माझं कोण ऐकतंय? निदान मागं लाल दिवा तरी लावा, त्याला दर लागत नाही.

फडातला_माजलगाव
लावतो. रस्त्याच्या धक्क्यानं तो पण निखळून पडतो, मागच्या सीझनला पडला होता.