लढाईच्या दिवसांत तुमच्या घरात काय चाललं होतं?

गेल्या महिन्यात नारायण पेठेतला आमचा वाडा पाडायला दिला. माळा रिकामा करताना पत्र्याची एक ट्रंक निघाली. तिच्यात दोऱ्यात ओवलेले अकरा भोकाचे पैसे, एक चिरलेलं रेशनकार्ड आणि एक पोस्टकार्ड होतं. कार्डावर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आहे, गावाचं नाव कुठेच नाही. मजकूर तीनच ओळींचा: मी खुशाल आहे, इकडे थंडी फार आहे, चिरंजीवाच्या मुंजीला येणं होणार नाही, वाट पाहू नये. खाली सही नाही, नुसतं 'तुमचा' असं लिहिलंय. हा 'तुमचा' कोण, ते आता घरात कोणालाच सांगता येत नाही. सांगू शकली असती ती आजी मागच्या वर्षी गेली.

दुसऱ्या महायुद्धात अखंड हिंदुस्थानातून २५ लाखांहून जास्त माणसं सैन्यात होती. सुमारे ८७ हजार परत आली नाहीत. हे आकडे मला शाळेपासून पाठ आहेत, पण त्यातला एक माणूस आमच्या माळ्यावर ऐंशी वर्षं पडून होता हे ठाऊक नव्हतं. म्हणून विनंती करतो. तुमच्या आजी-आजोबांनी, आत्या-काकांनी जे सांगितलं असेल, ते जसं आठवेल तसं लिहा. तारखा नसल्या तरी चालतील. पेठांमधल्यांनी लिहा, खडकी आणि लष्कर भागातल्यांनी लिहा, आणि मावळ, भोर, पुरंदर, जुन्नरकडच्यांनी तर नक्की लिहा, कारण लढायला जास्त माणसं तिकडूनच गेली.

सदाशिव पेठ

माझा जन्म १९३३चा. नातीला सांगते आहे आणि ती लिहून घेते आहे.

लढाई म्हटलं की मला आधी काळा कागद आठवतो. खिडक्यांच्या काचांना आम्ही मुलांनी खळ लावून तो चिकटवला होता. रात्री दिव्यावर पत्र्याची टोपी असायची, उजेड फक्त खाली पानापुरता पडायचा. भोंगा झाला की वडील दिवा मालवायचे आणि आम्ही माजघरात भिंतीला टेकून बसायचो. पुण्यावर बॉम्ब पडला नाही, पण ती भीती खोटी नव्हती. जपान रंगूनपर्यंत आलं तेव्हा मुंबईहून माझी मावशी चार मुलं आणि शिवणयंत्र घेऊन आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. वाड्यात जवळजवळ प्रत्येक बिऱ्हाडात असं कोणी ना कोणी आलं होतं. नळावर पहाटे चारला हंडे लागायचे.

मग रेशन आलं. तांदूळ मिळे तो लाल, जाड आणि खड्यांचा. आई दुपारभर सूप घेऊन बसायची. साखर सणापुरती राखून ठेवायची, एरवी चहा गुळाचा. घासलेटासाठी मी बाटली घेऊन उभी राहायचे आणि माझा नंबर येईतो ते संपायचं. कापडाचे तर फारच हाल होते. आईची दोन पातळं होती. दोन्ही मधोमध विरली तेव्हा तिने चांगले भाग जोडून दंड घातला. पुढे आणखी विरल्यावर दुसऱ्यांदा घातला. हळदीकुंकवाला जाताना तो दंड निऱ्यांत कसा लपवायचा ते तिला बरोबर जमायचं. 'काळा बाजार' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि मला वाटायचं, तोही बाजार रात्री काळे कागद लावून भरत असेल.

सुट्ट्या नाण्यांचा इतका तुटवडा होता की दुकानदार मोड देताना हात आखडायचा. १९४३ साली तांबं वाचवायला सरकारने भोकाचा पैसा काढला. तुमच्यासारखाच आम्हीही तो दोऱ्यात ओवायचो, म्हणजे हरवत नसे.

खडकी

आमचे आजोबा खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. कारखाना १८६९पासूनचा, पण लढाई पेटल्यावर काम रात्रंदिवस, पाळ्यांमध्ये सुरू झालं. दारात झडती व्हायची. काडेपेटी, विडी, लोखंडाची वस्तू, काही आत नेता येत नसे. आजोबांची नखं आणि तळवे पिवळे पडले होते. आजी म्हणायची, भाकरी मोडताना ते हात बघवत नसत, साबणाने घासूनही रंग जात नव्हता.

आजोबांचे धाकटे भाऊ त्याच घरात राहायचे. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना पकडून आगाखान पॅलेसमध्ये आणून ठेवलं, त्या आठवड्यात हे धाकटे आजोबा पत्रकं वाटताना सापडले आणि येरवड्याला गेले. म्हणजे थोरला सरकारसाठी गोळे भरतोय आणि धाकटा 'चले जाव' म्हणून आत. आमची पणजी दोघांसाठीही पान वाढायची. धाकट्याचं पान रात्री गाईला घालायची.

२४ जानेवारी १९४३ला लष्कर भागातल्या कॅपिटॉल चित्रपटगृहात बॉम्ब फुटला. गोरे सैनिक मारले गेले. त्यानंतर कारखान्यातल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. दारूगोळा खात्यातच नोकरीला असलेल्या भास्कर कर्णिकांना पकडलं आणि सोबत्यांची नावं तोंडून जाऊ नयेत म्हणून त्यांनी फरासखान्यात विष घेतलं. आमच्या घराची झडती झाली ती त्याच दिवसांत. एक भाऊ येरवड्यात आणि दुसरा कारखान्यात, एवढं कारण पुरेसं होतं. पोलिसांनी धान्याच्या कणग्या जमिनीवर उलट्या केल्या. आजी सांगायची, रेशनची ज्वारी मातीतून निवडायला तिला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत आजोबा एक शब्द बोलले नाहीत.

धाकटे आजोबा १९४४ मध्ये सुटून आले. पणजीने दोघांना शेजारी बसवून जेवू घातलं. पुढे आयुष्यभर दोघांनी एकत्र घर चालवलं, पण त्या दोन वर्षांविषयी एकमेकांना काही विचारलं नाही. मी लहान असताना आजोबांना एकदाच विचारलं, तुम्हाला वाईट वाटायचं का? ते म्हणाले, "पगार घरात यायचा, त्यावर आठ जण जेवायचे. आणि माझ्या हातचा गोळा कुठं फुटला ते मला कोणी कळवलं नाही." धाकट्या आजोबांना स्वातंत्र्यसैनिकाचं ताम्रपत्र मिळालं, तेव्हा ते भिंतीवर लावायला खिळा थोरल्यांनी ठोकला. तो खिळा अजून आहे.

वडगाव मावळ

आमचं बाबा मराठा पलटणीत होतं. बाबा म्हणजे वडिलांचे वडील. आधी आफ्रिकेत केरेनच्या डोंगरावर आणि मग इटलीत. केरेनचा डोंगर सरळ उभा, वर इटालियन बसलेले आणि खालून चढायचं. ते म्हणायचे, "आपली तिकोना-लोहगडाची सवय कामाला आली. छातीत दम राहिला तर ओरडायचं, शिवाजी महाराज की जय, मग आपोआप पाय उचलायचा." केरेन पडलं १९४१च्या मार्चमध्ये.

इटलीबद्दल ते जास्त बोलायचे. तिथल्या टायबर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ला त्यांच्याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे, माणगावाकडचे, एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर नामदेव जाधवांना मिळाला, ते जखमी साथीदारांना नदीतून वाहून आणून पुन्हा परत गेले होते. बाबा ही दोन नावं देवाचं नाव घ्यावं तशी घ्यायचे, टोपी काढून.

घरी आजी होती आणि तिला अक्षर येत नव्हतं. पत्र आलं की शाळेच्या मास्तरांकडे जायची. पत्रातल्या ओळीच्या ओळी सेन्सॉरने काळ्या केलेल्या असायच्या. मास्तर वाचून दाखवताना तिथे थांबायचे, आणि आजी विचारायची, "इथं काय लिवलंय?" मास्तर म्हणायचे, "इथं तुझी आठवण काढलीये." वीस वर्षांनी मास्तरांनीच तिला खरं सांगितलं. आजी म्हणाली, "मला ठावं होतं. पन बरं वाटायचं."

येरवडा

वर पगाराचा विषय निघालाय म्हणून लिहिते. आमच्या घरात लढाईची आठवण वेगळी आहे.

आम्ही मूळचे शिरूर तालुक्यातले. इंग्रजांनी महारांची भरती बंद केलेली होती, पहिल्या महायुद्धात थोडी उघडली आणि नंतर ती पलटणही मोडली. बाबासाहेबांनी ही भरती पुन्हा सुरू करण्यासाठी सरकारशी सतत भांडण मांडलं आणि १९४१च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. माझे आजोबा त्यानंतर काही महिन्यांत भरती झाले. वय सतरा, सांगितलं एकोणीस. त्यांच्या टोपीवरच्या बिल्ल्यात भीमा कोरेगावचा जयस्तंभ होता. आमचं गाव तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. ज्या स्तंभापाशी लहानपणी गुरं वळली, तो डोक्यावर मिरवायला मिळतोय, याचं त्यांना काय वाटलं असेल ते मी लिहू शकत नाही.

पणजीला दर महिन्याला मनीऑर्डर यायला लागली. तोवर पोस्टमन आमच्या वस्तीत पाऊल टाकत नसे, आमच्याकडचं काही असलं तर चावडीवर सांगून ठेवायचा. पण मनीऑर्डरीवर अंगठा लागतो. त्याला दारात यावं लागलं. पहिल्या वेळी त्याने पैसे उंबऱ्यावर ठेवले आणि कागद लांबून पुढे केला. पणजी म्हणाली, "सरकारचा पैसा हाये, हातात दे." त्याने दिला. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नात सांगितली जाते.

महागाई आमच्याकडेही होती, बाजरी आम्हालाही मिळत नव्हती. पण आजोबा रजेवर आले ते पायात बूट घालून, आणि गावातून तसेच चालत आले.

सासवड

थोडक्यात लिहितो. लढाईत पुरंदर किल्ल्यावर सरकारने जर्मन कुटुंबं ठेवली होती. आमचे चुलत आजोबा पायथ्याहून त्यांना दूध घालायचे. त्यात मिशनरी होते, डॉक्टर होते आणि हिटलरच्या छळाला कंटाळून हिंदुस्थानात आलेले ज्यूही होते. पासपोर्ट जर्मन, म्हणून तेही शत्रूच्या यादीत. एक बाई दुधाचे पैसे मोजून देताना दर वेळी नमस्कार करायची. आजोबांना या कुटुंबांनी काय गुन्हा केला ते कधी समजलं नाही.

पेट्रोल नव्हतं तेव्हा पुण्याची मोटार कोळशावर चालायची. मागे भट्टीचं पिंप लावलेलं. दिवे घाटात ती दमायची आणि माणसं उतरून ढकलायची. दूध त्यामुळे नासायचं.

कसबा पेठ

मला माझ्या वडिलांच्या आत्याबद्दल लिहायचंय. किती दिवस लिहू की नको करत होते.

आत्याआजीचं लग्न १९४०च्या वैशाखात झालं. यजमान सैन्यात कारकून होते, पुरवठा खात्यात. १९४१च्या दिवाळीनंतर ते मलायाला गेले. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या कैदेत गेले. त्यानंतर पत्र आलं नाही. आधी सरकारकडून आलं की बेपत्ता आहेत. त्या कैद्यांमधले कित्येक जण नेताजींच्या आझाद हिंद फौजेत गेले, कित्येक गेले नाहीत आणि त्यांना न्यू गिनीच्या बेटांवर मजुरीला नेलं. आत्याआजीला यातलं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. रात्री शेजाऱ्यांकडे हळू आवाजात आझाद हिंद रेडिओ लागायचा, तेव्हा ती जिन्यात बसून ऐकायची. तिला बातम्या नको होत्या. एखादं नाव घेतील, असं वाटायचं.

१९४६ मध्ये दुसरा कागद आला: मृत समजण्यात येत आहे. सासूने बांगड्या उतरवायला सांगितल्या. आत्याआजी म्हणाली, "समजण्यात येत आहे, असं लिहिलंय. मी समजत नाही." तिने कुंकू लावलं ते १९९१ मध्ये जाईपर्यंत. पेन्शन मात्र घेतली, त्याच पैशांत शिकली, शिक्षिका झाली. वटसावित्रीला वडाला जायची, तेव्हा काही बायका बाजूला सरकायच्या. मी लहान होते, तिचा हात धरून असायचे, मला ते दिसायचं.

सहा वर्षांपूर्वी मी सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर गेले. तिथे भिंतींवर चोवीस हजारांहून जास्त नावं कोरली आहेत, ज्यांची थडगीच नाहीत त्यांची. आजोबांचं नाव शोधायला मला तासभर लागला. मी पर्समधली कुंकवाची डबी काढली, पण दगडाला लावलं नाही. आत्याआजीला ते आवडलं असतं की नसतं, हे मला ठरवता आलं नाही.

बोपोडी

खडकीच्या युद्धस्मशानाजवळ राहतो. दुसऱ्या युद्धातल्या १,६६८ कबरी आहेत, शिवाय पहिल्या युद्धात हिंदुस्थानात वारलेल्या अठराशेंवर सैनिकांचं स्मारक. शाळेला जाताना आतून जायचो. वयं वाचत जायचो, एकोणीस, वीस, बावीस. बहुतेक इंग्लंडचे. त्यांच्याही घरी कोणी जिन्यात बसून रेडिओ ऐकला असेल. कसबा पेठेतल्या ताईंचं वाचल्यावर एवढंच सुचलं.

वडगाव मावळ

नारायण पेठवाल्या दादांना विचारायचं होतं. कार्डावरच्या शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असतो. लढाईतलं प्रत्येक टपाल ऑफिस कोणत्या महिन्यात कुठे होतं याच्या याद्या टपालसंग्राहकांकडे असतात. आमच्या बाबांची पत्रं इटलीतली कोणत्या गावची ते आम्ही तसंच काढलं. नंबर आणि तारीख सांगा. थंडी फार आहे असं लिहिलंय, म्हणजे ब्रह्मदेश नसावा.

नारायण पेठ

तुमचे फार आभार. तारीख अर्धी दिसते, जानेवारी ४५ असावी. नंबर पुसट आहे, शेवटचा आकडा तीन की आठ ते दिव्याखाली कळत नाही. उद्या सकाळी उन्हात भिंगाने पाहतो आणि लिहितो.