पर्थशरमधील गेलिक स्थळनावे: 'अर्थ' या रकान्यात काय लिहावे?

प्रश्न: ओढ्याकाठी
स्कॉटलंडमधील पर्थशरच्या डोंगराळ भागातील एका ग्रामीण पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या स्थानिक विभागात) आमचा स्थानिक इतिहास-गट ओढे, टेकड्या आणि ओस पडलेल्या वस्त्यांची गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक भाषेतील, नावे नोंदवत आहे. एकाच टेकडीच्या नावाचे दोन वयोवृद्ध शेतकऱ्यांनी दोन वेगळे अर्थ सांगितले आणि नकाशावरील स्पेलिंग तर तिसऱ्याच अर्थाकडे बोट दाखवते. गटात गेलिक जाणणारे कोणी नाही. कोणता अर्थ ग्राह्य धरावा?

उत्तर: जुनेनकाशे
तूर्त कोणताच नाही. आधी नाव, जागा आणि सांगणारा यांची नोंद पक्की करावी. अर्थाचे नंतर पाहता येते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेने १८५९ ते १८६२ या काळात पर्थशरसाठी तयार केलेली 'नेम बुक्स' (स्थळनावांच्या नोंदवह्या) स्कॉटलंड्सप्लेसेस या संकेतस्थळावर पाहता येतात. त्यांत प्रत्येक नावाची निरनिराळी स्पेलिंगे, ती कोणाच्या सांगण्यावरून घेतली, स्थान आणि वर्णन असे रकाने आहेत. साक्षीदार कोण, हे अवश्य पाहावे, कारण त्या डोंगरात वावरणारा मेंढपाळ आणि जहागिरीचा कारभारी यांच्या शब्दाला सारखे वजन देता येत नाही.

दुसरे म्हणजे उच्चार ध्वनिमुद्रित करावा. गेलिक नावात सहसा 'टेकडी', 'ओढा' असा सामान्य शब्द आधी येतो, त्याचे वैशिष्ट्य सांगणारा शब्द मागून येतो आणि आघात त्या मागच्या शब्दावर पडतो; इन्व्हरनेस या शहराच्या नावात जोर 'नेस' या नदीच्या नावावर आहे, तो यामुळेच. गेलिक न येणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडीही हा जुना आघात टिकलेला असतो आणि स्पेलिंगमधून तो मुळीच कळत नाही. 'आल्ट ना हारी' असे काही ऐकू आले, तर 'आल्ट' म्हणजे ओढा आणि त्यातील 'ह' मूळ शब्दाचा नसून आधीच्या 'ना'मुळे आलेला आहे. शब्द 'आरी', म्हणजे उन्हाळ्यात गुरे चरायला नेत तेथील झोपड्यांची जागा. अशा वेळी ओढ्याच्या काठाने वर जाऊन पाहावे. भोवतालच्या तपकिरी हेदरमध्ये (डोंगरमाळावरील खुरट्या झुडुपांमध्ये) हिरवेगार गवत आणि त्यात झोपड्यांचे बुटके, गवताने झाकलेले पाये दिसले, तर अर्थाला जमिनीचाच दुजोरा मिळतो.

उत्तर: कथावेल्हाळ
वरील मत मान्य आहे. मात्र लोकांनी सांगितलेला अर्थ चुकीचा ठरला, तरी तो वहीतून गाळू नये. पर्थशरमधील किलिन या गावी गेलिक दंतकथांतील वीर फिओनला पुरले अशी परंपरा आहे आणि त्याच्या थडग्याचा म्हणून एक दगडही तेथे दाखवतात. दुसरीकडे त्याच नावाचा अर्थ 'पांढरे चर्च' असाही दिला जातो. व्युत्पत्ती म्हणून कथा टिकेल न टिकेल, पण गावाने आपल्या नावाकडे कसे पाहिले याचा तो पुरावाच आहे. 'सांगितलेला अर्थ' आणि 'भाषिक अर्थ' असे दोन रकाने करावेत.

प्रश्नकर्ता: ओढ्याकाठी
दोन रकाने करतो. भाषिक अर्थासाठी कोणाकडे जावे? आणि नकाशावरील स्पेलिंग सुधारून लिहावे का?

उत्तर: जुनेनकाशे
सुधारू नये, जसे आहे तसे, नकाशाच्या वर्षासह उतरवावे आणि आधुनिक रूप वेगळे लिहावे. त्यासाठी 'आइन्मेन-आच्ये ना हालापा' ही स्कॉटलंडमधील गेलिक स्थळनावांची संस्था आहे. 'टोबर अन दुआलखाइश' या ध्वनिसंग्रहात आपल्या परिसरातील जुने गेलिक भाषक सापडतात का, तेही पाहावे. नव्या ध्वनिमुद्रणासाठी मात्र बोलणाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे ग्रिड संदर्भ (नकाशावरील चौकटींनुसार जागेचा नेमका क्रमांक) लिहावा, कारण एकाच पॅरिशमध्ये 'काळा ओढा' या नावाचे दोन ओढे असणे मुळीच दुर्मीळ नाही.